अस्वलघराचा अडसर

२ मार्च

चि. टकळी,

अनेक आशीर्वाद. तुझ्यापर्यंत बातमी पोचली असली तर ती पेपरवाल्यांची असेल, म्हणून मीच लिहितोय. लांबू गेला. गेल्या गुरुवारी सकाळी, आमच्या प्राणिसंग्रहालयात, अस्वलाच्या आवारात.

तू त्याला पाहिलंयस. आपल्या घराच्या चौकटीला डोकं आपटून वर चौकटीलाच 'सॉरी' म्हणाला होता, तो.

आमचं काम दोघांचं, तुला माहीतच आहे. मी आतल्या बोळात. म्हातारीला, म्हणजे आमच्या अस्वलिणीला, खाण्याची लालूच दाखवून खोलीत घ्यायचं, सरकतं दार खाली सोडायचं, त्याला अडसर घालायचा आणि 'बंद!' म्हणून ओरडायचं. ते ऐकलं की लांबूनं बाहेरच्या फाटकातून आवारात शिरायचं आणि झाडलोट करायची. इतकी वर्षं हेच. त्या दिवशी मी 'बंद' म्हणालो, लांबू आत गेला, आणि म्हातारी दार वर ढकलून बाहेर पडली.

मीच मारलं त्याला. पोलिसांना तसं सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोला सांगितलं. तिच्या भावानं माझ्यावर तक्रार दिली, बरोबरच केलं. जामीन झालाय, तोही लेकीनं जावयाला पाठवून केला, मी सांगितलं नव्हतं. फोन पोलिसांनी ठेवून घेतला. बरंच झालं, कुणाशी काय बोलणार?

वकील मला नको. तू एवढंच सांग की जजसमोर काय म्हटलं म्हणजे एका फटक्यात निकाल लागतो. मला हे ओढत न्यायचं नाही. पायाला भिंगरी लागल्यासारखा क्वार्टरमध्ये फिरतोय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते कळत नाही. कामावरून काढलंय, पण खिडकीतून म्हातारीचा वास येतोच.

तुझा,
दादा


७ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र 'मीच मारलं त्याला' इथपर्यंत वाचलं आणि घडी घालून बाजूला ठेवलं. दिवसभर त्याच्याकडे न बघता कोर्टात उभी राहिले. संध्याकाळी राहवलं नाही, उरलेलं वाचलं. झालं ते झालं. पण इथून पुढे असं एक अक्षर मला लिहायच्या आधी सोबतच्या वकीलपत्रावर सही करून पाठव. बहिणीला कोर्ट बोलावून विचारू शकतं, 'बाई, तुमच्या भावानं काय कळवलं?' वकिलाला तसं विचारता येत नाही. मामेभाऊ म्हणून तू मला लिहितोस तेव्हा आपण दोघं उघड्यावर आहोत, हे ध्यानात घे.

लांबूभाऊंचं वाचलं. त्यांच्याबद्दल काय लिहू? तुला घरी आणून सोडायचे, तू आजारी असताना तुझ्या उशाशी बसायचे. तुम्हा दोघांना आम्ही राम-लक्ष्मण म्हणायचो आणि लक्ष्मण रामापेक्षा हातभर उंच म्हणून हसायचो.

आता नीट ऐक. आमच्या धंद्यात दोन शब्द आहेत, कबुली आणि कबुलीजबाब. ऐकायला सख्खी भावंडं वाटतात, पण एकाला घरात घेता येतं आणि दुसरा घर जाळतो. 'अडसर घालायचं काम माझं होतं' ही कबुली. एक गोष्ट घडली किंवा होती, ती तू मान्य केलीस. ती तपासता येते, तिच्या शेजारी दुसरी गोष्ट मांडता येते, चुकीची असली तर चुकीची आहे असं दाखवताही येतं. 'मीच मारलं' हा कबुलीजबाब. त्यात तू काय झालं ते सांगतच नाहीस, थेट स्वतःचा निकाल वाचून दाखवतोस. प्रत्येक कबुलीजबाबाच्या पोटात कबुली असते, पण प्रत्येक कबुलीचा कबुलीजबाब होत नाही.

पोलिसांना सांगितलंस ते कोर्टात तुझ्याविरुद्ध चालणार नाही. चौकीतल्या चार भिंतींवर कायद्याचाच भरवसा नाही. लांबूभाऊंच्या बायकोला म्हणालास ते मात्र चालू शकतं. आणि जजनं सावध करून, विचाराला वेळ देऊन मग विचारलं आणि तू तेच बोललास, तर ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तुला सोडवणार नाही.

मला एक सांग. तू कुणाला पाठीशी घालतोयस? दार खराब होतं का? साहेबांना माहीत होतं का? तू लहानपणापासूनचा असाच. मी कपबशी फोडायची आणि मार तू खायचा. या वेळी कपबशी कुणाची?

आणि तुझं अक्षर केवढं मोठं झालंय! ओळी उतारावरून घसरल्यासारख्या. हात थरथरतोय का? वेळेवर जेव. लेकीकडे चार दिवस जाऊन राहा.

सही करून पाठव. लगेच.

तुझी,
टकळी


१५ मार्च

टकळे,

वकीलपत्र परत पाठवतोय, कोरंच. राग मानू नकोस. सुटण्यासाठी वकील लागतो, मला सुटायचं नाही.

कुणाला पाठीशी घालत नाही. साहेब कसेही असले तरी अडसर त्यांनी घालायचा नव्हता. दार जुनं आहे, जड आहे, पण चालतं. अडसर लोखंडी, हातभर लांब. खाचेत पूर्ण बसला तर हत्तीलासुद्धा दार उचलता यायचं नाही. तो बसला नव्हता, किंवा अर्धवट बसला होता. मी घातला का, तर घातला असणार. रोज घालतो. पण त्या दिवशी घातल्याचं आठवतं का म्हणशील, तर नाही आठवत. तुला तरी आज सकाळी कुलूप लावल्याचं आठवतंय का? लावलंस म्हणूनच निघालीस ना? तसंच. मी सतत त्या बोळात उभा राहून बघतो आणि प्रत्येक वेळी हात वेगळं काहीतरी करतो. एकदा अडसर ढकलतो, एकदा नुसताच धरून ठेवतो. वेड लागायची पाळी आलीय.

म्हणून म्हटलं, मीच मारलं. त्यात सगळं आलं. रोज तुकडे कुरतडत बसण्यापेक्षा ते बरं.

जजकडे अर्ज दिला होता की मला सांगायचंय. काल नेलं. जजबाई वयानं तुझ्याएवढ्याच. म्हणाल्या, 'तुम्ही बोलायलाच पाहिजे असं नाही. बोललात तर ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. घरी जा, विचार करा, महिनाअखेरीला या.' मी म्हटलं, 'विचार झालाय.' तर म्हणाल्या, 'मग अजून एकदा करा.' तुमची सगळी जातच चिवट!

म्हातारी खात नाही. माणूस मारलेलं जनावर ठेवायचं की नाही यावर साहेबांच्या खोलीत बैठका चालल्यात. तिच्याकडून कोण बोलणार? तिनं तर दार उचलता आलं म्हणून बाहेर पाऊल टाकलं. हेही जजबाईंना सांगणार आहे.

दादा


२२ मार्च

प्रिय दादा,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तू चिडणार आहेस, तेव्हा आधीच सांगून टाकते. मी रविवारी तुझ्या गावात होते. सकाळच्या गाडीनं आले, दुपारच्या गाडीनं परत गेले. तुझ्या दारावरून रिक्षा गेली, तू खिडकीत उभा होतास. उतरले नाही. उतरले असते तर तू रडला असतास, मग मी रडले असते, आणि जे विचारायचं ते राहून गेलं असतं.

मी लांबूभाऊंच्या बायकोकडे गेले होते. आधी स्पष्ट सांगितलं की मी तुझी बहीण आहे, वकील आहे, पण तुझी वकील नाही, आणि तुम्हाला साक्ष बदला म्हणायला आलेले नाही. बाहेर काढतील अशी तयारी ठेवूनच गेले होते. भावानं काढलंच असतं. त्याच म्हणाल्या, 'येऊ दे.'

त्या इस्त्री करत होत्या, दादा. लांबूभाऊंचे कामावरचे शर्ट. धुतलेले होते म्हणे, तसेच कसे ठेवायचे. बाह्या एवढ्या लांब की टेबलावरून खाली लोंबत होत्या.

त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते. म्हणाल्या, 'तुमचे भाऊ माझ्या पायाशी बसून मीच मारलं, मीच मारलं म्हणत होते. मला ते नको होतं. मी विचारत होते की सकाळी काय झालं, माझा माणूस आत का गेला. त्याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. नुसते रडले. त्यांचं रडणं मी कुठं ठेवू? माझ्या भावाला वाटतं त्यांना शिक्षा झाली की मला बरं वाटेल. मला शिक्षेशी काय करायचंय? मला ती सकाळ पाहिजे.'

मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'डोळ्यांचं त्यांनी तुम्हाला सांगितलंय का?'

मग त्याच म्हणाल्या, 'हे साहेबांकडे दोनदा जाऊन आले होते. तुमच्या भावाला नीट दिसत नाही, त्यांना पाखरांकडे द्या, बोळातलं काम देऊ नका, असं सांगायला. मीच जा म्हणाले होते. साहेब म्हणाले बघू. आणि तुमच्या भावाच्या कानावर ते गेलं तेव्हापासून त्यांनी यांच्याशी बोलणं टाकलं.'

स्टेशनावर बसून मी तुझी दोन्ही पत्रं पर्समधून काढली. ते मोठं मोठं अक्षर पाहिलं. मी मूर्ख, म्हटलं हात थरथरतोय!

मी विचारलं होतं की कुणाला पाठीशी घालतोयस. दुसरंतिसरं कुणी नाही, तू स्वतःलाच पाठीशी घालतोयस. अख्खा डोंगर अंगावर ओढून घेतोस, कारण त्याखालचा एक खडा कुणाला दिसू द्यायचा नाही. कबुलीजबाब देऊन तू कबुली चुकवतोयस, दादा. 'मीच मारलं' म्हटलं की लोक पुढचं विचारत नाहीत. त्या बाई विचारतायत.

डोळ्यांचं काय आहे?

टकळी


२५ मार्च

तू तिच्या घरी गेलीस. मला न विचारता गेलीस, आणि माझ्या दारावरून तोंड लपवून परत गेलीस.

यापुढे मला पत्र पाठवू नकोस. जजसमोर काय बोलायचं ते माझं मी बघेन.


२९ मार्च

टकळे,

वर वकीलपत्र आहे, तू मागच्या पत्रात पुन्हा जोडलेलं, सही केलेलं. सही रेघेवर आलीय का ते बघ. मला रेघ दिसली नाही, कागदावर बोट ठेवून केली.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. उजव्यात जास्त. वर्ष होऊन गेलं. दिव्याभोवती धुरकट कडं दिसायला लागलं तेव्हाच कळलं होतं. दवाखान्यात गेलो नाही, कारण तिथून कागद साहेबांकडे गेला असता आणि मला बोळातून काढलं असतं. मग मी काय करणार होतो? पोपटांना पेरू कापून घालणार? म्हातारी पिल्लू म्हणून आली तेव्हा बाटलीनं दूध पाजलंय मी तिला. इतर कुणाच्या हाकेला ती आत येत नाही, ही माझी सगळी मिजास. दुसरं काय होतं माझ्याकडे? लेक तिच्या घरी, बायको गेलेली.

अडसराच्या टोकाला पांढरा पट्टा रंगवलेला आहे. पट्टा खाचेत दिसेनासा झाला की अडसर बसला, हा नियम. बोळात अंधार. मला कित्येक महिने तो पट्टा दिसतच नव्हता. मी आवाजावर चालायचो. 'खट्' वाजलं की बसला. कान शाबूत होते ना, मग झालं, असं मनाला सांगायचो.

लांबूला कळलं, कारण लांबूला सगळंच कळायचं. आधी मला म्हणाला, 'डोळे दाखवून ये.' मी म्हटलं, 'तुझं तू बघ.' तो साहेबांकडे गेला. कारकुनानं मला सांगितलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. ज्याच्या डब्यात मी इतकी वर्षं हात घातला, तो माझ्या पाठीमागे माझी भाकरी काढून घेतो? मी बोलणं टाकलं. त्यानं दोनचार वेळा काहीबाही विचारलं, मी तोंड फिरवलं. आमच्यात फक्त 'बंद' एवढाच शब्द उरला होता. तो तर म्हणावाच लागायचा.

आता त्या दिवशीचं सांगतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी दार सोडलं. अडसर ढकलला. आठवत नाही म्हणालो होतो ते खोटं होतं, टकळे. ढकलल्याचं आठवतं. 'खट्' वाजलं की नाही ते आठवत नाही, कारण मी ऐकतच नव्हतो. मनात त्याच्याशी भांडत होतो. 'बंद!' म्हणून ओरडलो. रोज तो लगेच आत शिरतो. त्या दिवशी भिंतीपलीकडून त्यानं विचारलं, 'नक्की ना रे?'

इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. मला इंगळी डसल्यासारखं झालं. खाली वाकून हातानं चाचपून बघितलं असतं तर एका क्षणाचं काम होतं. मी वाकलो नाही. मी ओरडलो, 'दिसतंय मला!'

दिसत नव्हतं.

तो आत गेला. माझ्या शब्दावर गेला.

'मीच मारलं' म्हणायला मला काही लागलं नाही. ते म्हटलं की लोक खांद्यावर हात ठेवतात. हे लिहिताना मात्र तीन वेळा उठून बाहेर जाऊन आलो. वहिनींना हे कसं सांगू? तो माझ्या काळजीनं साहेबांकडे गेला, आणि मी त्याचा सूड एका वाक्यानं घेतला, हे?

तू ये. पत्रानं भागणार नाही.

दादा


१ एप्रिल

प्रिय दादा,

तुझी सही रेघेच्या खाली आलीय. चालेल.

परवा सकाळी पोचते. जजबाईंना अर्ज करून तुझी तारीख आठवडाभर पुढे घेतलीय. त्याआधी हे दोनदा वाच, लेकीकडून वाचून घेऊ नकोस, भिंग घेऊन स्वतः वाच.

वकील म्हणून माझा सल्ला असा की गप्प बस. तुझ्याविरुद्ध आहे काय? तू दुःखाच्या भरात लांबूभाऊंच्या बायकोसमोर बोललेलं एक वाक्य. त्यात ना अडसर आहे, ना दार. मी उलटतपासणीत ते पार विरघळवून टाकीन. जिवाभावाचं माणूस गेल्यावर कोण नाही म्हणत, की माझ्यामुळे गेलं? बोळात दुसरं कुणी नव्हतं. दार जुनं. तू सुटू शकतोस, आणि तेही अगदी रीतसर. बोलायचं नाही हा तुझा हक्क आहे.

आणि आता जे लिहिलंयस ते जजसमोर बोललास, तर ती नुसती कबुली राहणार नाही. दिसत नसताना दिसतंय म्हणालास, आणि त्यावर माणूस आत गेला. निष्काळजीपणा सिद्ध करायला सरकारी वकिलाला आणखी काही लागायचं नाही. हेही खरं की त्यातूनच साहेबांपर्यंत रस्ता जातो, कारण त्यांना दोनदा सांगूनही ते बघू म्हणाले. पण तो रस्ता तुझ्या छातीवरून जातो.

वकील म्हणून एवढंच. बहीण म्हणून मी काही सांगणार नाही. सांगितलं तर उद्या तू म्हणशील टकळीनं सांगितलं म्हणून बोललो, किंवा टकळीनं अडवलं म्हणून गप्प बसलो. ते ओझं मी घेणार नाही, माझे खांदे लहान आहेत.

दोन दिवस झाले, माझंही कशात लक्ष नाही. काल दुसऱ्याच पक्षकाराच्या खटल्यात उभी राहिले आणि 'माझे भाऊ' म्हणाले. जज हसले.

टकळी


९ एप्रिल

टकळे,

तू बाहेर बाकावर होतीस, आत काय झालं ते विचारलंस तेव्हा मी 'लिहून कळवतो' म्हणालो. आता लिहितो.

जजबाईंनी शिपायांनाही बाहेर काढलं. पुन्हा तेच सांगितलं की बोलायलाच पाहिजे असं नाही. विचारलं, 'कुणी धमकावलं? कुणी आमिष दाखवलं? वकिलांनी काय सांगितलं?' मी म्हटलं, 'गप्प बस म्हणाली.' त्यांनी मान वर करून बघितलं. 'तरी बोलायचंय?' म्हटलं, 'हो.'

तोंड उघडलं, आणि पहिलं काय आलं असेल? 'मीच मारलं त्याला.' सवयच झाली होती जिभेला.

त्यांनी लेखनिकाला हातानं थांबवलं. म्हणाल्या, 'कसं?'

बस, एवढंच विचारलं. मग मी पट्ट्यापासून सुरुवात केली. अडसर, खाच, मोतीबिंदू, लांबू साहेबांकडे गेला ते, मी बोलणं टाकलं ते, 'नक्की ना रे' आणि माझं उत्तर. मध्ये अडलो तर त्या पाणी सरकवायच्या, घाई करायच्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, 'म्हणजे तुम्ही गुन्हा कबूल करताय?'

मी म्हटलं, 'गुन्ह्याचं मला कळत नाही, बाई. ते तुम्ही ठरवा. झालं ते हे असं झालं.'

मला वाचून दाखवलं. एका जागी 'अडसर घातला नाही' असं लिहिलं होतं. मी म्हटलं, 'तसं नाही. घातला. बसला की नाही ते बघितलं नाही.' त्यांनी ते खोडून नीट लिहायला लावलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या बाजूनं भांडल्यासारखं वाटलं, आणि भांडलो ते माझ्याच विरुद्धच्या वाक्यासाठी. तू हसशील.

घरी येऊन जेवलो. झोप नाही आली.

दादा


११ डिसेंबर

चि. टकळी,

निकाल वाचून झाल्यावर तुला तुझ्या खटल्यासाठी पळावं लागलं, म्हणून पुढचं तुला माहीत नाही.

निष्काळजीपणा सिद्ध, दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. तू कानात म्हणालीस, 'दादा, सुटलास.' लेकीनं डोळे पुसले. मला मात्र कळेना, कोर्ट उठेपर्यंत म्हणजे करायचं काय? शिपायानं मागचा बाक दाखवला. बसलो. समोर दुसऱ्यांचे खटले चालू. शेजाऱ्याची भिंत, कुणाची सायकल, कुणाचं पोटगीचं. साहेबांच्या खटल्याचीही तारीख पडली, ते मान खाली घालून गेले. लोक येत होते, जात होते, मी आपला बसलेला.

वहिनी उठून गेल्या नाहीत. त्यांचा भाऊ दोनदा आत येऊन 'चल' म्हणाला. साक्षीला आल्या होत्या तेव्हा तू त्यांना एकही प्रश्न विचारला नाहीस, मला वाटतं त्याची त्यांनी दखल घेतली असावी. त्या पलीकडच्या बाकावर बसून राहिल्या. जेवणाची सुट्टी झाली, मला बाहेर जायची मुभा नव्हती, त्याही गेल्या नाहीत.

ऑपरेशन झाल्यापासून मला लख्ख दिसतं. त्यामुळे त्यांचा चेहरा पहिल्यांदाच एवढा स्पष्ट दिसला. किती वाळल्यात!

दुपारनंतर खोली रिकामी होत आली तेव्हा त्या उठल्या आणि माझ्या बाकाच्या टोकाला येऊन बसल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'तुमचा जबाब वाचला मी. भावाकडून वाचून घेतला.'

मग म्हणाल्या, 'साहेबांकडे जा असं मीच म्हणाले होते.'

'माहीत आहे, वहिनी.'

'मला वाटायचं, मी पाठवलं नसतं तर तुम्ही बोलत राहिला असता. मग हे झालं नसतं.'

मी म्हटलं, 'तसं नाही. पाठवलंत ते बरोबर होतं. वाकलो नाही तो मी.'

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग विचारलं, 'ते घाबरले होते का?'

टकळे, 'नाही' म्हणणं किती सोपं होतं! कुणीही म्हणालं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी म्हटलं, 'मला माहीत नाही, वहिनी. मध्ये भिंत होती. मला दिसलं नाही. मी फक्त ऐकलं.'

'काय ऐकलंत?'

'सगळं सांगू?'

'सांगा.'

मी सांगितलं. पाण्याचा पाइप घेऊन फाटकाकडे धावलो तोवर जे जे कानांवर आलं ते, क्रमानं, न वाढवता आणि न गाळता. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. सांगून झालं तेव्हा त्या रडत होत्या. दवाखान्यात रडल्या नव्हत्या, साक्षीच्या वेळी रडल्या नव्हत्या. या वेळी मी त्यांच्याबरोबर रडलो नाही. नुसता शेजारी बसून राहिलो.

काय सांगितलं ते तुलाही लिहीत नाही. तू माझी वकील आहेस, तरीही नाही. ते त्यांचं आहे.

जजबाई उठल्या, शिपायानं 'झालं, जा' म्हटलं. बाहेर पायऱ्यांवर त्या म्हणाल्या, 'आमच्या घरी येऊ नका. मला जमणार नाही.' मी 'बरं' म्हटलं. त्या भावाबरोबर गेल्या. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना नीट बघून गेल्या, कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होत्या.

मी पायऱ्यांवर थोडा वेळ उभा राहिलो. मग बसलो. कुणी उठवेपर्यंत बसून होतो.

तुझा,
दादा